कोरी सही

हे माझ्या बायकोला माहीत नव्हतं. बेचाळीस वर्षं संसार केला तिनं माझ्याबरोबर. मी दारात चपला कशा काढतो यावरून तिला कळायचं, आज कचेरीत काय झालं असेल ते. पण हे नाही कळलं. तीही गेली आता. मुलांना सांगायचा प्रश्नच नाही. बाबांच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही असं त्यांना वाटतं, आणि मीही ते तसंच वाटू दिलं. मग तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू — दमलोय. दुसरं कारण नाही. एखादी गोष्ट धरून ठेवायलासुद्धा जोर लागतो हो, आणि तो आता माझ्या गुडघ्यांत नाही तसा कशातच उरला नाही.

गोष्ट एका सहीची आहे. एवढंच? — म्हणाल तुम्ही. हो, एवढंच. कुणाचा खून नाही केला मी. पण कधीकधी वाटतं, खून केला असता तर निदान कुणीतरी विचारायला तरी आलं असतं.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. मी सेलूला एका सरकारी कचेरीत कारकून होतो, रेकॉर्ड रूमवर. गावात आमचा क्रिकेटचा संघ होता आणि मी त्याचा कॅप्टन. का? तर माझ्याकडे पांढरी पँट होती, नोकरी होती, आणि संघाची बॅट माझ्या घरी राहायची. बॅटिंग बरी करायचो मी. बरी म्हणजे बरी. संघात खरा खेळणारा एकच होता — सुखदेव.

सुखदेव कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. दिवसभर सरकीची पोती उचलायचा, संध्याकाळी चेंडू टाकायला यायचा. मॅट्रिक झालेला, पण नोकरी लागली नव्हती. त्याचे वडील बाबासाहेबांबरोबर बौद्ध झालेले, घर गावाच्या पार कडेला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. तरी तो मला ‘भाऊ, तुमी’ म्हणायचा आणि मी त्याला ‘अरे सुख्या’. हे मला तेव्हा कधी खटकलं नाही. त्यालाही खटकलं नसेल असं मी धरून चाललो होतो. आमच्याकडे तसंच चालायचं, आणि मी तर चारचौघांत जातपात न मानणारा म्हणून मिरवायचो. त्याच्या घरी चहा प्यायलो होतो ना एकदा! त्या एका चहावर मी किती वर्षं काढली, माझं मलाच माहीत.

त्याचा चेंडू मनगटातून सुटायचा. बाहेर जाणार, बाहेर जाणार असं वाटेपर्यंत आत घुसायचा. नेटमध्ये मला तो कधीच कळला नाही. मी हसून ‘खेळपट्टीवरची मॅट उचलली गेलीय रे’ म्हणायचो, आणि तोही मान डोलवायचा — हाव भाऊ, मॅटच उचललीय.

त्या हिवाळ्यात आमच्या स्पर्धेच्या उद्घाटनाला एक कसोटी खेळाडू आले. नाव सांगत नाही. त्या भल्या माणसाचा यात काही दोष नाही. मुंबईकडचे, मराठी, नावाजलेले फलंदाज. जिनिंगच्या मागचं मैदान माणसांनी भरून गेलं होतं. कमिटीनं ठरवलं, पाहुण्यांनी लोकांसाठी चार-पाच ओव्हर खेळून दाखवाव्यात. आणि मला बाजूला घेऊन बजावलं — पाहुण्याला आऊट करायचं नाही. हा आमच्याकडचा रिवाजच होता तेव्हा. लग्नातल्या व्याह्यासारखं पाहुण्याला सांभाळायचं. त्यानं फटके मारायचे, पोरांनी चेंडू आणायला धावायचं, लोकांनी टाळ्या वाजवायच्या. मी सगळ्या बोलर्सना तसं सांगितलं. सुखदेवला दोनदा सांगितलं.

त्यानं ऐकलं. पहिली ओव्हर अगदी पोराला भरवावी तशी टाकली. पाहुण्यांनी दोन चेंडू मारले, तिसरा नुसता अडवला आणि बॅट टेकवून म्हणाले, “अहो, असं काय टाकताय? तुमचा रोजचा टाका की.”

सुखदेवनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली — नाही. आणि त्यानं — काय करणार तो? समोरचा माणूस सगळ्या देशात खेळलेला, आणि तो मागतोय. त्यानं टाकला. मधली दांडी गेली.

कमिटीतल्या माणसांची तोंडं मला लांबूनही दिसत होती. मी धावत गेलो आणि सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडलो, “तुला सांगितलं होतं ना रे? कळत नाही एकदा सांगितलेलं?” पाहुणे ते ऐकत उभे होते. हसत होते आधी. माझं ऐकून हसायचे थांबले.

नंतर मंडपात सह्यांसाठी रांग लागली. कॅप्टन म्हणून मी पहिला. माझी गुलाबी पानांची वही खास परभणीहून आणलेली. त्यांनी वर न बघता सही केली आणि वही परत दिली. बस्स. मग विचारलं, “तो बोलर कुठाय?” सुखदेव मंडपाबाहेर उभा होता, त्याच्याकडे वही नव्हती. त्यांनी स्कोअरबुकाच्या मागचं एक पान मागून घेतलं, त्याचं नाव विचारलं आणि बसून लिहिलं. वर नाव, खाली दोन ओळी, मग सही. तो चेंडू आपल्याला कळला नाही, असं लिहिलं होतं. अक्षरन् अक्षर मला पाठ आहे, पण आत्ता लिहीत नाही. एकच सांगतो — त्यांनी नावाच्या आधी ‘श्री.’ घातलं होतं. आणि ‘तू’ नाही, ‘तुम्ही’.

तुम्हाला वाटेल, यात काय एवढं? बरोबर आहे. ज्याला आयुष्यभर श्री. मिळालं त्याला काय वाटणार त्यात! मला मात्र ते एका अक्षराचं श्री. लागलं. माझ्या वहीत तर माझं नावच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुखदेव तो कागद वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या कचेरीत आला. म्हणाला, “भाऊ, माझं घर म्हंजे तुमाला ठावंच हाय. वरून गळतंय, खालून उंदरं. तुमच्या रेकॉर्डात राहू द्या ह्याला. तिथं निजामाचे कागद टिकलेत, माझा एक न्हाई का टिकायचा?” मी एका जुन्या जाड रजिस्टरमध्ये कागद ठेवला. कोणतं रजिस्टर, कोणतं कपाट, सगळं त्याला दाखवलं. त्याला लय बरं वाटलं. चहा पाजला त्यानं मला.

आता सेठजींचं सांगायला पाहिजे. कापसाच्या दिवसांत हैदराबादहून एक व्यापारी सेलूला मुक्कामाला यायचे. त्यांना खेळाडूंच्या सह्या जमवायचा नाद. जाड अल्बम बरोबरच असायचा. आम्ही त्यांना अल्बमवाले सेठच म्हणायचो. संध्याकाळी हॉटेलात बसून ते आम्हाला शिकवायचे, कुठल्या सहीला काय मोल. शाईची चांगली, शिसपेन्सिलीची वाया. आणि सही कोरी पाहिजे. ‘अमक्याला सप्रेम’, ‘तमक्याला शुभेच्छा’ असं लिहिलं की तिचं मोल अर्ध्यावर आलं. म्हणायचे, मापानं शिवलेला सदरा आहे तो — ज्याचा त्याला बसतो, दुसरा कोण घेणार? आमच्या त्या पाहुण्यांची कोरी सही कुणी दिली तर एक अख्खी विलायती बॅट द्यायची तयारी होती त्यांची.

सुखदेव तिथंच होता. हसला. “मंग माझा कागद बिनकामाचाच म्हणा की, सेठजी! जाऊ द्या, आपल्याला कुठं इकायचाय?”

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. त्याला विकायचा नव्हता. म्हणजे पुढं मी जे केलं ते ‘त्याच्या भल्यासाठी’ म्हणायची सोयच त्यानं ठेवली नाही. मी तरीही कितीतरी वर्षं तसं म्हणत राहिलो — स्वतःशीच. बॅट सुखदेवलाच दिली असती, असंही ठरवून टाकलं होतं मी. बोलर माणसाला बॅट!

त्याच आठवड्यात संघाच्या नावानं माझ्याकडे पत्र आलं. सिकंदराबादला रेल्वेच्या संघासाठी नवीन पोरं बघणार होते. चांगला बोलर असेल तर पाठवा, कुणा नामवंत खेळाडूची शिफारस असल्यास सोबत आणावी. निवड झाली तर नोकरी. पत्र मीच सुखदेवला वाचून दाखवलं. त्यानं ते माझ्या हातून घेऊन परत एकदा स्वतः वाचलं. मग म्हणाला, “भाऊ, तो कागद बघा बरं आता. देवासारखा आलाय कामाला.” बुद्धाचा माणूस, पण तोंडातून देवच आला. मग आपलं आपणच हसला.

म्हणजे मला माहीत होतं. तो कागद कशासाठी लागणार आहे, कधी लागणार आहे, सगळं माहीत होतं. हे एवढं वाक्य लिहायला मला चार दिवस लागले.

आमच्या रेकॉर्ड रूममध्ये एक म्हातारे मुन्शीजी होते, निजामाच्या राजवटीपासूनचे. नक्कल करताना चूक झाली तर ती कशी काढायची ते त्यांनी मला शिकवलं होतं. दाढीचं अर्धं ब्लेड घ्यायचं, आडवं धरायचं, एकाच दिशेनं हलक्या हातानं शाई खरवडायची. फुंकर मारायची. मग त्या जागेवर कवडी घासायची, घोटून घोटून कागद गुळगुळीत करायचा. वर लिहिलं तरी शाई फुटत नाही. माझा हात त्यात बसला होता. मुन्शीजी म्हणायचे, तुझ्या हाताला दुवा आहे बेटा.

दुपारची सुट्टी होती. सगळे डबे खायला गेले होते. मी खिडकीपाशी बसलो आणि सुखदेवचं नाव काढलं. आधी ‘यांस’. मग नाव. ‘श्री.’ सगळ्यात शेवटी. हात थरथरला नाही. थरथरला म्हणालो असतो तर तुम्हाला बरं वाटलं असतं, मलाही वाटलं असतं. पण नाही. उलट, फार दिवसांनी काहीतरी नीट जमतंय असं वाटत होतं. खालच्या दोन ओळी आणि सही मी तशीच ठेवली.

तो कागद मी सेठजींकडे नेला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, ताठ बसले. मग कागद उजेडासमोर धरला. वरच्या बाजूला, जिथं कागद पातळ झाला होता, तिथून ऊन आरपार आलं.

“छीले क्या तुम इसकू?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, तुम्हीच म्हणाला होतात, नाव नको.

“हौ, बोला था. सिर्फ नाम रहे तो नक्को. मगर ये बात? इतना बड़ा बैट्समन अपने हाथ से लिखके दे रहा कि मेरे कू समझा नहीं! किसकू लिख के दिया? वो नामीच तो इसकी कीमत था, मियाँ.” कागद त्यांनी माझ्यासमोर सरकवला. त्याला परत हात लावला नाही. असा कागद त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता म्हणे, नावासकट असता तर अल्बमच्या पहिल्या पानावर लावला असता. आता खरवडलेला कागद म्हणजे कुणीही म्हणेल, बनावट आहे.

आता तुम्ही विचाराल — आणि मघापासून विचारत असालच — की अहो, कोरी सही तर तुमच्या स्वतःच्या वहीत होती! गुलाबी पानावर, नुसती सही, ना नाव ना गाव. सेठजींना हवी तश्शी. ती का नाही दिली?

हेच. हेच सांगायला एवढा फिरत फिरत आलो.

मला बॅट नको होती. बॅट हवी असती तर वहीतलं पान फाडून दिलं असतं, पाच मिनिटांचं काम. मला ते नाव नको होतं. त्या कागदावर ते ‘श्री.’ आहे आणि मी जिवंत आहे, हे मला सहन होत नव्हतं. सेठजींचं मोलाचं शास्त्र म्हणजे मला सापडलेलं एक निमित्त. आणि जातीचा यात काही संबंध नव्हता म्हणू? तोच कागद माझ्या आळीतल्या एखाद्या पोराला मिळाला असता तर मी जळलो असतो, पण ब्लेड घेतलं नसतं. झालं. लिहिलं एकदाचं.

सिकंदराबादला जायच्या आदल्या दिवशी सुखदेव कागद न्यायला आला. नवीन शर्ट घातला होता. घडीच्या खुणा होत्या त्यावर. मी रजिस्टर काढलं, त्याच्यासमोर उघडलं. आतली पानं खरोखरच वाळवीनं खाल्लेली होती — दुसऱ्या कपाटातलं तसलं रजिस्टर मी सकाळीच शोधून तिथं ठेवलं होतं. त्याला कपाट ठाऊक होतं ना! मी म्हणालो, “काय सांगू सुख्या, वाळवी लागली रे.”

तो त्या भुग्याकडे बघत राहिला. बोटानं भुगा बाजूला करून पाहिला, एखादा तुकडा मिळतो का. मग मलाच म्हणाला, “जाऊ द्या भाऊ. तुमचा काय दोष त्याच्यात? तुमी तर जपायलाच ठेवला व्हता.”

कागद तेव्हा माझ्या टेबलाच्या खणात होता. त्याच्यापासून दोन हातांवर.

मी त्याला शिफारशीचं पत्र दिलं का? दिलं. संघाचा कॅप्टन म्हणून चार ओळी दिल्या. माझ्या सहीला सिकंदराबादेत कोण विचारणार? तिथं पोरांची ही गर्दी. मोठ्यांच्या चिठ्ठ्या आणलेले पहिल्यांदा, बाकीचे उरलेल्या वेळात. संध्याकाळी उजेड जाता जाता त्याला चार चेंडू मिळाले. परत आल्यावर हसत हसत सांगत होता, “साहेब म्हणले, तुझं बोलिंग बघितलंय का कुणी मोठ्यानं? मी म्हणलं, बघितलंय की. लिहून बी दिलंय. पर त्याला वाळवीनं खाल्लं.” संघातली पोरं खो-खो हसली. मीही हसलो.

त्यानंतर तो आमच्याकडून खेळला नाही. चिडला वगैरे नव्हता. येणं कमी झालं, मग थांबलंच. दोन-तीन वर्षांनी पोखर्णीच्या बाजूला प्राथमिक शाळेवर मास्तर म्हणून लागला. चांगला मास्तर झाला, म्हणतात. तेव्हा त्याचं वाटोळं झालं असं काही नाही. ते मला ठाऊक आहे; ते सांगून मला सुटायचं नाही.

इथं थांबलो असतो तर निदान एकच पाप सांगितलं असतं. पण अजून एक आहे, आणि खरं म्हणजे मला तेच जास्त टोचतं. त्याच्या मुलीच्या लग्नाला मी गेलो होतो, मानवतला. आमचे दोघांचेही केस पांढरे झाले होते. तो मला हाताला धरून जावयाकडे घेऊन गेला. भोवती पाच-दहा माणसं. म्हणाला, “हे आमचे कॅप्टन. ही घरची मंडळी माझ्यावर इस्वास ठेवत न्हाईत, म्हणतात मास्तर थापा मारायलेत. भाऊ, तुमी सोता हजर व्हता. सांगा ह्यांना, काय लिव्हलं व्हतं त्या कागदावर.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कागद नको होता, पुरावा नको होता. नुसतं तोंड उघडायचं होतं. दोन ओळी म्हणायच्या होत्या.

मी म्हणालो, “लय जुनं झालं रे ते. नीटसं आठवत नाही.”

का म्हणालो? आजही सांगता येत नाही. बोललो असतो तर सगळंच बाहेर पडेल अशी भीती वाटली असेल. जावई मान खाली घालून हसला. सुखदेवचा हात माझ्या हातात होता, तो त्यानं लगेच सोडला नाही. म्हणाला, “भाऊ बी म्हातारे झाले आता,” आणि मला जेवायच्या पंगतीकडे घेऊन गेला. स्वतः वाढलं त्यानं मला.

सुखदेव गेला त्याला दोन वर्षं होतील. मी अंत्यविधीला गेलो होतो. कागद खिशात घालून नेला होता, तसाच परत आणला.

दोन्ही कागद माझ्याकडे आहेत. गुलाबी वहीतली सही तशीच आहे, स्वच्छ. नातू म्हणतो, आजोबा, असल्या कोऱ्या सहीला आता चांगला भाव येतो. दुसरा कागद पिवळा पडलाय. खिडकीत तिरका धरला की वरच्या बाजूला निबाच्या दाबाच्या रेघा दिसतात. शाई मी काढली, पण ते लिहिताना त्या माणसानं हात दाबून लिहिलं होतं. ते जात नाही. मी कवडी घासली होती तरी गेलं नाही.

मानवतच्या मांडवात त्यानं विचारलं होतं, काय लिहिलं होतं म्हणून. हे लिहिलं होतं:

श्री. सुखदेव यांस,
तुमचा तो चेंडू मला कळला नाही.
हात जपा.